सासलऑथडी, शॅडो फाइल आणि एसई लिनक्स : सोलापुरातल्या एका मेल सर्व्हरचं प्रकरण

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टेरी टॉवेलचा एक निर्यातदार कारखाना. येणारी मेल बाहेरच्या सेवेवर आहे, पण जाणारी मेल स्वतःच्या सर्व्हरवरून जाते : पॅकिंग लिस्ट, इन्व्हॉइस, कंटेनरचे कागद, ईआरपीमधून (कारखान्याचं कामकाज सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) आपोआप निघणारी पत्रं आणि डिस्पॅचमधल्या स्कॅनरवरून थेट जाणारे स्कॅन. पोस्टफिक्स हा मेल पाठवणारा प्रोग्राम ५८७ पोर्टवर ऐकतो. पाठवणाऱ्याचा पासवर्ड तपासायचं काम सायरस सासल या ऑथेंटिकेशनच्या सॉफ्टवेअरमधल्या सासलऑथडी या डीमनकडे (मागे सतत चालणाऱ्या प्रोग्रामकडे) आहे. खाती म्हणजे त्या मशीनवरचेच मोजके लिनक्स युजर, लॉगिन शेल नसलेले, म्हणजे मशीनवर शिरून आदेश देता न येणारे.

जुनं मशीन सेंटओएस ७ या लिनक्सवर होतं. त्याचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला, म्हणून नव्या मशीनवर अल्मालिनक्स ९ घातलं आणि जुन्या कॉन्फिगरेशन फाइल्स उचलून तिकडे ठेवल्या. जुन्या मशीनवर एसई लिनक्स, म्हणजे कोणत्या प्रोग्रामला काय करू द्यायचं ते पॉलिसीतल्या नियमांनी ठरवणारा, कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) पहारा, पहिल्या दिवसापासून बंद होतं. नव्यावर ते मुळातच एन्फोर्सिंगमध्ये, म्हणजे नियमाबाहेरचं खरोखर अडवणाऱ्या स्थितीत, येतं. ही दोन्ही ज्याच्यावर बेतलेली आहेत त्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या चौथ्या आवृत्तीपासून, म्हणजे २००५ पासून, हीच पद्धत आहे. तरी माझ्या पाहण्यातल्या बहुतेक लहान कारखान्यांत सर्व्हर लावणारा माणूस पहिलं काम काय करतो, तर ते बंद करतो. या प्रकरणात तसं झालं नाही, आणि त्याचं श्रेय कारखान्याचं आयटी सांभाळणाऱ्या पोराला जातं.

नवं मशीन लागलं आणि मेल जाईनात. आउटलुक पुन्हा पुन्हा पासवर्ड मागायचं, पोस्टफिक्सच्या लॉगमध्ये ५३५ ५.७.८, ऑथेंटिकेशन फेल्ड. पासवर्ड बरोबर होते. त्या पोराने 'सेटएन्फोर्स ०' चालवून एसई लिनक्सचं अडवणं तात्पुरतं थांबवलं आणि लगेच मेल सुटले. म्हणजे अडवणारा कोण ते कळलं. मालक म्हणाले, "बंदच ठेवा की मग ते, मेल तर जायलेत." पोराला ते पटलं नाही. मशीन इंटरनेटला उघडं आहे, बंद ठेवायचं नाही, असं त्याने ठरवलं आणि नेटवर सगळीकडे सापडणारा उपाय केला : एसई लिनक्सचे नकार नोंदवणारा ऑडिट लॉग 'ऑडिट२अलाव -एम' मधून काढायचा, जे मॉड्यूल (ते नकार उठवणाऱ्या नियमांची पुरवणी) तयार होईल ते पॉलिसीत चढवायचं.

पहिल्या खेपेला लॉगमध्ये नकाराची ओळ होती ती डॅक_ओव्हरराइड या क्षमतेची, म्हणजे फाइलच्या साध्या परवानग्या ओलांडायच्या रूटच्या (मशीनच्या सर्वाधिकारी युजरच्या) मुभेची : सोर्स सासलऑथडी_टी (डीमनचं डोमेन, म्हणजे नियम लावण्यासाठी एसई लिनक्सने दिलेला गट), टार्गेटही तेच, क्लास कॅपॅबिलिटी. मॉड्यूल झालं, चढलं. एन्फोर्सिंग परत लावलं तर मेल अजूनही बंद, आणि आता लॉगमध्ये एकही ओळ नाही. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, कारण नकार आहे पण नकाराची नोंद नाही.

मग त्याने डीमन सिस्टिमडीतून, म्हणजे मशीनवरच्या सर्व्हिस चालवणाऱ्या व्यवस्थेतून, थांबवून रूटच्या टर्मिनलवर हाताने चालवला, डीबगचा पर्याय लावून. 'टेस्टसासलऑथडी' या चाचणीच्या आदेशाने लगेच ओके दिलं. पोस्टफिक्स मात्र आता वेगळ्याच ठिकाणी अडला. लॉगमध्ये नवी ओळ आली : पोस्टफिक्स_एसएमटीपीडी_टी ला अनकन्फाइन्ड_टी (जवळजवळ बंधन नसलेलं डोमेन) च्या युनिक्स सॉकेटवर, म्हणजे एकाच मशीनवरचे प्रोग्राम एकमेकांशी बोलतात त्या जागी, 'कनेक्टटू' (जोडून घेणं) नाकारलं. त्याचंही मॉड्यूल झालं, चढलं, आणि मेल सुटले. डीमन टीमक्सच्या, म्हणजे लॉगआउट केल्यावरही चालू राहणाऱ्या टर्मिनलच्या, खिडकीत चालू राहिला. एका दुपारी लाइट गेली, यूपीएस संपलं, मशीन परत उठलं तेव्हा ती खिडकी अर्थातच नव्हती. अमेरिकेच्या एका ऑर्डरची कागदपत्रं अडकली आणि डिस्पॅचच्या अण्णांनी मला फोन लावला.

गेल्यावर आधी स्थानिक मॉड्यूलं पाहिली. 'सेमॉड्यूल -एलफुल' ची यादी प्राधान्याचा आकडा दाखवते : वितरणाबरोबर आलेली १०० वर, हाताने चढवलेली ४०० वर. ४०० वाली दोनच होती, दोन्ही या प्रकरणातली. मग 'पीएस -ईझेड' ने डीमन कोणत्या डोमेनमध्ये चालतो ते पाहिलं. सिस्टिमडीतून सुरू केला की तो सासलऑथडी_टी मध्ये जातो. रूटच्या शेलमधून हाताने सुरू केला की तो शेलच्याच अनकन्फाइन्ड_टी मध्ये राहतो. हाताने चालवून घेतलेल्या चाचणीचा इथे उपयोग शून्य, कारण ज्या पॉलिसीची परीक्षा घ्यायची ती तिथे लागूच होत नाही. डीमन हाताने नीट चालतो आणि सर्व्हिस म्हणून पडतो, असं कोणी सांगितलं की मी पहिल्यांदा डोमेनचा रकाना बघतो.

दुसरं मॉड्यूल त्या चाचणीचंच पिल्लू होतं. ते नीट वाचलं तर अंगावर काटा येतो. इंटरनेटवरून अनोळखी माणसांचं बोलणं ऐकणारा पोस्टफिक्सचा भाग आता अनकन्फाइन्ड डोमेनमध्ये ऐकत बसलेल्या कुठल्याही प्रोग्रामशी जोडून घेऊ शकत होता. रूटने उघडलेलं टीमक्स असो, एसएसएच एजंट (लॉगिनच्या किल्ल्या सांभाळणारा प्रोग्राम) असो, डोमेन तेच. सॉकेटच्या फाइलवरची परवानगी हे आणखी एक कुलूप मध्ये असतं, म्हणून लगेच काही बिघडलं नाही. पण पॉलिसीतलं कुलूप काढून टाकलेलंच होतं. त्या पोराचा इथे दोष नाही. ऑडिट२अलाव एवढंच सांगतं की हा नकार घालवायला कुठला नियम लागेल. तो नियम असावा का, हे सांगणं त्याच्या कामातच नाही.

आता मूळ नकाराकडे. डीमनची सेटिंग असलेल्या सिसकॉन्फिग फाइलमध्ये 'मेक' (पासवर्ड तपासायची पद्धत) या ओळीपुढे 'शॅडो' लिहिलेलं होतं. पॅकेजबरोबर येणाऱ्या फाइलमध्ये तिथे 'पॅम' (लिनक्सची ऑथेंटिकेशनची सामाईक व्यवस्था) असतं. जुन्या मशीनवर कोणीतरी कधीतरी शॅडो करून ठेवलं होतं, तीच फाइल नव्यावर आली. शॅडो म्हणजे सासलऑथडी स्वतः शॅडो फाइल (मशीनवरच्या खात्यांच्या पासवर्डची फाइल) उघडतो, त्यातला हॅश (पासवर्डचं गणिताने बदललेलं रूप) काढतो आणि आलेल्या पासवर्डशी जुळवतो.

रेड हॅटच्या कुळात शॅडो फाइलच्या परवानग्या ०००० असतात. 'एलएस -एल' केलं की नुसत्या आडव्या रेघा दिसतात, रूटलासुद्धा वाचायची नेमून दिलेली परवानगी नाही. रूट ती फाइल वाचू शकतो तो केवळ डॅक_ओव्हरराइड किंवा डॅक_रीड_सर्च या क्षमतेच्या जोरावर. कर्नल फाइल उघडताना आधी साध्या परवानग्या पाहतो. त्या नसल्या की क्षमता आहे का ते पाहतो, आणि ती क्षमता या डोमेनला वापरू द्यायची का, हे एसई लिनक्सला विचारतो. सासलऑथडी_टी ला ती दिलेली नाही. नकार मिळाला की कर्नल तिथूनच परत फिरतो. या डोमेनला शॅडो_टी लेबलची (एसई लिनक्सने शॅडो फाइलला लावलेल्या खुणेची) फाइल वाचता येते का, हा खरा प्रश्न त्याने विचारलेलाच नसतो. लॉगमध्ये फक्त क्षमतेची ओळ येते ती यामुळे.

पहिल्या मॉड्यूलने क्षमता देऊन टाकली. मग कर्नल पुढच्या प्रश्नापर्यंत पोचला, तिथेही नकार मिळाला, आणि या दुसऱ्या नकारावर पॉलिसीत 'डोन्टऑडिट' नियम आहे : नाकारा, पण नोंदवू नका. पॉलिसी लिहिणाऱ्यांनी तो विचार करूनच ठेवलाय. पॅम वापरणाऱ्या कुठल्याही डीमनने शॅडो फाइल थेट वाचायची नाही, त्यासाठी वेगळा मदतनीस प्रोग्राम आहे, असं ते धरून चालतात. त्यामुळे वाटेत झालेला थेट प्रयत्न निरुपद्रवी समजून लॉग भरू नये म्हणून गप्प केला जातो. एरवी हे सोयीचं असतं. 'मेक' शॅडोवर असेल तर मात्र माणूस अंधारात राहतो.

हाताने चालवलेला डीमन मारला, सिस्टिमडीतून सुरू केला आणि 'सेमॉड्यूल -डीबी' चालवलं. यात पॉलिसी डोन्टऑडिटशिवाय पुन्हा बांधली जाते. लॉग धो धो वाहू लागतो. त्यातल्या नोॲटसिक्योर, सिगइन्ह आणि आरलिमिटइन्ह या तीन नावांच्या ओळी एक प्रोग्राम दुसऱ्याला सुरू करताना सदैव निघतात. त्या सोडून द्यायच्या आणि चुकूनही ऑडिट२अलावला भरवायच्या नाहीत. 'ऑसर्च' ने नुसती सासलऑथडीची नोंद गाळून घेतली तर हवी ती ओळ मिळाली : डिनाइड रीड, नेम शॅडो, सोर्स सासलऑथडी_टी, टार्गेट शॅडो_टी, क्लास फाइल, परमिसिव्ह शून्य (म्हणजे खरोखर अडवलं). ओळ मिळाल्यावर लगेच 'सेमॉड्यूल -बी' ने डोन्टऑडिट परत बसवलं. हे करायला लोक विसरतात, आणि मग काही दिवसांनी ऑडिटच्या फाइल्स इतक्या भराभर फिरायला लागतात की खरी घटना त्यातून वाहून जाते.

पोराने विचारलं, "दादा, यासाठी बूलियन आहे म्हणतात ना?" आहे. बूलियन म्हणजे पॉलिसीतच ठेवलेलं चालू-बंद बटण, इथे सासलऑथडी_रीड_शॅडो नावाचं, मूळ स्थिती बंद. ते चालू केलं की क्षमता आणि फाइल वाचणं दोन्ही एकदम मिळतं. ऑडिट२अलाव अशा वेळी तयार होणाऱ्या फाइलमध्ये, नियमाच्या वर, टिप्पणीच्या ओळीत लिहून ठेवतं की हे अमुक बूलियनने होईल. '-एम' लावलं की मॉड्यूल थेट बांधून मिळतं आणि ती ओळ कोणी उघडून वाचत नाही. 'सेटसेबूल -पी' ची एक ओळ मारून मीही संध्याकाळच्या आत मोकळा झालो असतो. दोन घरगुती मॉड्यूलांपेक्षा ते कितीतरी बरं. बूलियन नावानिशी यादीत दिसतं, पॉलिसी अपडेट झाली तरी अर्थ टिकतो, आणि पुढे येणाऱ्या माणसाला काय उघडं ठेवलंय ते कळतं.

तरी मी ते केलं नाही. सासलऑथडी रूट म्हणून चालतो आणि त्याच्यापर्यंत येणारं युजरनेम आणि पासवर्ड बाहेरच्या कोणीही लिहिलेला मजकूर असतो. उद्या त्याच्या कोडमध्ये भोक निघालं तर हल्लेखोराच्या हाती सासलऑथडी_टी पडेल. बूलियन चालू असेल तर त्याच क्षणी मशीनवरच्या सगळ्या खात्यांचे हॅश गेले, रूटचा धरून. ते घरी नेऊन निवांत फोडता येतात.

दुसरी वाट पॅमची. एसई लिनक्स चालू असलं की पॅमचं युनिक्स मॉड्यूल शॅडो फाइलला स्वतः हात लावत नाही. ते युनिक्स_सीएचकेपीडब्ल्यूडी हा छोटा प्रोग्राम सुरू करतं. तो सीएचकेपीडब्ल्यूडी_टी या स्वतंत्र डोमेनमध्ये जातो आणि शॅडो वाचायची मुभा त्या डोमेनला आहे. युजरचं नाव त्याला आर्ग्युमेंट म्हणून मिळतं, पासवर्ड पाइपमधून, आणि उत्तर म्हणून तो फक्त एक्झिट कोड देतो : जुळलं किंवा नाही जुळलं. हॅश सासलऑथडीच्या मेमरीत कधी येतच नाही. या वाटेला बूलियन लागत नाही, स्थानिक मॉड्यूल लागत नाही, डॅक_ओव्हरराइड लागत नाही. पॉलिसीत ती आधीपासून आखलेली आहे.

मालकांना हे सांगताना त्यांच्याच गोडाऊनचं उदाहरण दिलं. गेटवरच्या माणसाला अमुक लॉट आत आहे का, एवढंच कळायला हवं असेल तर तो गोडाऊन कीपरला विचारतो आणि हो-नाही ऐकून परत येतो, त्याच्या हातात गोडाऊनची किल्ली कोणी देत नाही. मालकांनी विचारलं, "मग आतापर्यंत किल्लीच दिली होती का आपण?" जुन्या मशीनवर तशीच होती, आणि त्यावर पहाराही नव्हता.

मला या सगळ्यात एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. एसई लिनक्ससारख्या सक्तीच्या प्रवेश-नियंत्रणाने एखादा डीमन अडवला की आपण लगेच कुठली परवानगी द्यायची ते शोधायला लागतो. ऑथेंटिकेशनच्या डीमनबाबत तरी आधी हे विचारावं, की याला ही फाइल हवीच कशाला. लाखो मशीनवर तीच पॉलिसी आणि तोच डीमन बिनतक्रार चालतोय आणि आपल्याकडेच अडलाय, तर बहुधा आपली सेटिंग पॉलिसीने आखलेल्या वाटेवरून उतरलेली असते. इथे दुरुस्ती पॉलिसीत नव्हतीच, ती सिसकॉन्फिगच्या एका शब्दात होती.

बदल सिद्धेश्वर यात्रेच्या सुट्टीत केला, कारखाना बंद आणि ईआरपी शांत असताना. आधी शॅडोचं पॅम केलं, डीमन सिस्टिमडीतून पुन्हा सुरू केला, 'टेस्टसासलऑथडी' चालवलं आणि उत्तर आलं नो. पोराचा चेहरा उतरला. पण हा नकार एसई लिनक्सचा नव्हता. त्या प्रोग्रामला सर्व्हिसचं नाव दिलं नाही तर तो 'आयमॅप' धरतो. या मशीनवर त्या नावाची पॅम फाइल नव्हती, म्हणून पॅम 'अदर' या फाइलकडे गेला आणि तिथे सगळ्यांनाच नकार लिहिलेला असतो. पोस्टफिक्स 'एसएमटीपी' हे नाव पाठवतो. '-एस एसएमटीपी' लावून पुन्हा चालवलं : ओके, सक्सेस. शॅडो पद्धतीत सर्व्हिसच्या नावाला काही महत्त्व नसतं, पॅममध्ये मात्र सगळा निकाल त्यावर लागतो. त्यामुळे शॅडोवरून पॅमवर येणारा जवळजवळ प्रत्येक जण इथे अडखळतो.

मग दोन्ही मॉड्यूलं काढली, एकेक करून. आधी 'कनेक्टटू' वालं काढलं, बाहेरच्या मोबाइल नेटवर्कवरून एक खरी मेल पाठवून पाहिली. मग डॅक_ओव्हरराइड वालं काढलं, पुन्हा मेल पाठवली. खरी मेल पाठवणं गरजेचं होतं, कारण 'टेस्टसासलऑथडी' रूटच्या शेलमधून डीमनशी बोलतो. त्यातून डीमनची परीक्षा होते, पोस्टफिक्सपासून सॉकेटपर्यंतच्या वाटेची होत नाही. चुकीचा पासवर्ड देऊनही पाहिलं, कारण ऑथेंटिकेशनची दुरुस्ती करताना सगळ्यांनाच हो म्हणणारा दरवाजा तयार होणं ही सर्वांत वाईट गोष्ट, आणि ती तक्रार करत कधी समोर येत नाही. शेवटी मशीन रीबूट केलं आणि हात न लावता मेल जाते का ते पाहिलं. गेली. ऑडिट लॉगमध्ये या दोन डोमेनचा नवा नकार नव्हता, बूलियन बंदच होतं.

पॅमवर आल्यामुळे पॅममधले खात्यांचे नियमही लागू झाले, कारण सासलऑथडी पॅमकडून पासवर्डबरोबर खात्याचीही तपासणी करून घेतो. चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं काही वेळ बंद करणारं फेललॉक लावता येईल, असं पोराने सुचवलं. मी थांबायला सांगितलं. ५८७ पोर्ट जगाला उघडं आहे. बाहेरचा कोणीही डिस्पॅचच्या नावाने चुकीचे पासवर्ड मारत राहिला तर अण्णांचंच खातं बंद पडेल, तेही नेमकं कंटेनर निघायच्या वेळी. आयपी पत्त्यानुसार अडवणं इथे जास्त योग्य आहे, आणि ते फायरवॉलच्या बाजूने करायचं ठरलं.

पुन्हा असा प्रसंग आला तर काय करायचं, हे पोराने विचारलं. अख्खं मशीन 'सेटएन्फोर्स ०' वर टाकण्यापेक्षा 'सेमॅनेज परमिसिव्ह -ए' ने फक्त तेवढं एक डोमेन परमिसिव्ह करावं, म्हणजे त्याचे नकार नोंदवले जातात पण अडवणं होत नाही. बाकी पहारा चालू राहतो आणि त्या डोमेनचे सगळे नकार एका खेपेत, ओळीने दिसतात, पहिल्या नकारापाशी गाडी थांबत नाही. क्षमतेची आणि फाइलची ओळ तेव्हा एकत्र दिसली असती आणि सगळा उलगडा तासाभरात झाला असता. मात्र डोन्टऑडिट परमिसिव्हमध्येही लागूच असतं, त्यामुळे '-डीबी' जोडीला लागतंच. आणि परमिसिव्हमध्ये तोच नकार वारंवार नोंदवला जात नाही, त्यामुळे ओळ एकदाच दिसली म्हणून ती किरकोळ समजू नये. काम झालं की डोमेन '-डी' ने परत काढायचं.

होटगी रोडच्या युनिटमधलं मशीन अजून सेंटओएस ७ वरच आहे आणि त्याचीही सासलऑथडीची फाइल शॅडोवरच आहे. पोराने ते स्थलांतर सुरू करण्याआधी तिथे पॅम लावून, एसएमटीपी या नावाने चाचणी घेऊन ठेवली आहे. नव्या मशीनवर जुनी सिसकॉन्फिग फाइल तो नेणार नाही, पॅकेजचीच ठेवणार आहे.